न वाढवलेला आकडा

माझी आत्या लाखांदूरला राहते. ती शाळेत शिकवायची. काचबिंदूनं नजर गेली तशी नोकरी सुटली, पण वाचन सुटलं नाही. मी तिला एक लॅपटॉप तयार करून दिला होता. त्यातला प्रोग्राम मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी एखादी कादंबरी. गावातल्या बायकांचे अर्जही ती त्याच्याच आधारानं टाइप करून द्यायची.

तो प्रोग्राम माझा नाही, पण त्याच्या पोटात चालणारी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येईल असा कोडचा तुकडा, माझी आहे. शब्दातला कुठला ‘अ’ उच्चारायचा आणि कुठला गिळायचा, एवढंच ती ठरवते. लाखनीला घरी बसून मी ती लिहिते आणि सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवते. अशी एक लायब्ररी अनेक प्रोग्राम मिळून वापरतात, म्हणून तिच्या फाइलच्या नावात एक आकडा असतो. जुने प्रोग्राम ज्यावर चालणार नाहीत असा बदल केला, की तो आकडा वाढवायचा. मग जुनी फाइल जागेवर राहते, नवी शेजारी येते आणि ज्याला जी हवी ती तो घेतो.

माझ्या लायब्ररीचा आकडा पहिल्यापासून एकच होता. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायची.

मग एकदा मी एका फंक्शनला द्यायच्या दोन गोष्टींचा क्रम उलटा केला. आधीचा क्रम मला बरेच दिवस खटकत होता. जुने प्रोग्राम त्या गोष्टी जुन्याच क्रमानं देणार, तेव्हा आकडा वाढवायला हवा, हे कळत होतं. नाही वाढवला. काही दिवसांनी एका अनोळखी माणसानं तक्रार नोंदवली, की अपडेटनंतर त्याचा प्रोग्राम पहिल्याच शब्दाला बंद पडतो. ‘प्रोग्राम पुन्हा बिल्ड करा,’ म्हणजे माझ्या नव्या फाइलीशी जुळवून नव्यानं तयार करा, असं एका ओळीत लिहून मी ती तक्रार बंद करून टाकली.

धानाची कापणी झाल्यावर आत्याकडे गेले. लॅपटॉप कपाटावर टॉवेलखाली झाकून ठेवलेला होता.

“वाचत नाहीस का आजकाल?” मी विचारलं.

“बोलतच नाही तो. तू सांगितल्यासारखं, अपडेट आलं तं एंटर दाबलं. तवापासून मुका झाला. माह्या हातून काही दुसरंच दबलं असन.”

“मंग मले फोन काहून नाही केला?”

“तू कामात रायतेस. बिघडवला मी, तं तुले कायले तरास द्याचा?”

“आन बायांचे अर्ज?”

“सांगितलं त्याहिले, का मले आता जमत नाही.”

मी लॅपटॉप उघडला. प्रोग्राम कुठे कोसळला ते दाखवणाऱ्या ओळीत माझ्याच लायब्ररीचं नाव होतं. माझा चेहरा तापला. आत्याला तो दिसत नाही, हे मनात आलं आणि क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

“आत्या, तुह्या हातून काही नाही झालं. माह्या हातून झालं.” मी तिला आकड्याचं सगळं सांगितलं. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर ऐकावं तसं तिनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“तुले मालूम होतं, तं वाढवला काहून नाही?”

“इतके दिवस एकच होता. तसाच ठेवाचा होता.”

“हं,” एवढंच ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत चहा ठेवायला आत गेली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिथेच बसून मी जुना क्रम परत आणला आणि तो जुन्या आकड्याखाली प्रसिद्ध केला. उलटा क्रम वाढवलेल्या आकड्याखाली वेगळा काढला. बंद केलेली तक्रार उघडली, चूक माझी होती असं लिहिलं आणि माफी मागितली. त्या माणसाचं उत्तर सभ्य होतं. त्यानं आधीच दुसरी लायब्ररी घेतली होती.

आत्याचा लॅपटॉप बोलायला लागला. बायकांपैकी काही परत आल्या. काहींना तोवर बाजारातल्या दुकानात जायची सवय झाली होती.

आता अपडेट आलं की ती आधी मला फोन करते. आयुष्यभर वर्गाला दरडावणारी ती बाई हळू आवाजात विचारते, “बेटा, दाबू का?”

मी “दाब” म्हणते, आणि पलीकडून प्रोग्रामचा आवाज ऐकू येईपर्यंत फोन कानाला धरून बसते.