बायकोनं दिलेली उत्तरं

बोलताना शब्द अडायला लागले, तेव्हा बायकोनं मला इथल्याच, उज्जैनच्या एका डॉक्टरांकडे नेलं. मी निवृत्त मास्तर, परीक्षेची भीती नव्हती. घड्याळाचं चित्र काढलं, सांगितलेल्या पाच शब्दांतले तीन आठवले. मग तपासणाऱ्या मुलीनं रोजच्या कामांचे प्रश्न काढले. गोळ्या कोण देतं? बाजारहाट? एकटे बाहेर जाता?

"सब खुद करता हूँ," मी म्हणालो. त्यात मला काही खोटं वाटलं नाही.

"आंटी, अब आप बताइए."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर बोटाला गुंडाळत ती सांगत गेली. मी गोळ्या दोनदा घेतो म्हणून ती डबी लपवते. मी एकाच दिवशी दोनदा दुधी आणतो, दुसरा ती गुपचूप शेजारी देते. एकदा टावर चौकातून ऑटोनं मी माधव नगरला, आम्ही कधीच सोडलेल्या घरी गेलो होतो.

"अगं, जुन्या शेजाऱ्यांना भेटायला गेलो होतो मी!"

"नाही हो. आपल्या त्या जुन्या घराचं कुलूप तुम्ही आपल्या किल्लीनं उघडत होतात."

तेव्हापासून, ती त्या मुलीला म्हणाली, मी चौकातून निघालो की तिथला औषधवाला तिला फोन करतो.

त्या दुकानदाराकडे मी रोज संध्याकाळी बसायचो. "बैठिए ना, मास्साब," म्हणत तो चहा मागवायचा. उतारवयात मिळालेला मित्र, असं मी त्याला समजत होतो.

दुखणं फार पुढे गेलेलं नाही, थोडी मदत लागेल, असं डॉक्टर म्हणाले. परतताना ऑटोत मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घराबाहेर पडणंच सोडलं असतंत."

"आणि त्या पोरीला सांगितलंस."

"तिच्याशी खोटं बोलून तुमचा इलाज कसा व्हायचा?" ती रडायला लागली. मला दया आली नाही.

आठवड्यानं मी चौकात गेलो. दुकानदारानं स्टूल पुढे केलं. मी उभ्यानंच विचारलं, "घर पे फोन करते हो मेरे बारे में?"

तो ओशाळला. "भाभीजी ने कसम दी थी, मास्साब."

मी न बसताच फिरलो. पुन्हा गेलो नाही.

आता काही चुकलं की बायकोनं त्याच दिवशी, माझ्या तोंडावर सांगायचं, असं ठरलंय. ती सांगते. ऐकून वाईट वाटतं, पण ऐकतो. संध्याकाळी दोघं दुसऱ्या रस्त्यानं फिरायला जातो. ती माझा हात धरते. मी सोडवून घेत नाही. पण तिच्याशी पूर्वीसारखं मोकळं बोलणं अजून होत नाही.