नागरमोथ्याचा निरोप

नेकनूरला बसप्पांच्या दुकानात ऊद, कापूर, विभूती, शिकेकाई मिळायची, आणि वर फुकटात गोष्टी. कापूर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या आज्ज्याच्या वरातीतला घोडा कसा उधळला ते ऐकल्याशिवाय सुटका नसे. पण बायको महानंदाबाई गेल्या आणि हाच बोलका माणूस दिवे लागायच्या वेळी गप्प व्हायला लागला.

त्या वेळी मागच्या खोलीतून नागरमोथ्याचा वास यायचा. महानंदाबाई तिथं बसून शिकेकाईत घालायला नागरमोथा कुटायच्या. त्या गेल्यापासून खलबत्ता पालथा पडलेला. वास मात्र यायचा. कधी मंद, कधी असा की बाई आत्ताच कुटून उठल्यात. तो बाहेर जाऊ नये म्हणून बसप्पांनी खिडकी लावून फटींत बारदान कोंबलं होतं.

"कायतरी म्हणतीय ती," ते नातीला सांगायचे. "ज्यांच्यात जाळतात त्यांचा धूर तरी होतो. आपल्या लिंगायतांत मातीत बसवून पुरतात. बसलेलं माणूस बोलल्याबगर ऱ्हाईल व्हय?"

नात शिवांजली संभाजीनगरला शिकायची. तिचा विषय ऐकून बसप्पांनी मांडीवर थाप मारली होती. तार नाही, टॉवर नाही. मुंगी मुंगीला वासानं सांगते तसं नुसते कण सोडून निरोप धाडायचा. तो पोचतो कसा, हे कॉम्प्युटरात लटके कण सोडून बघायचं.

"मग आपली खोली घाल की त्यात," बसप्पा म्हणाले. "आन् आज्जी काय म्हणतीय ते वाचून दाखव."

शिवांजली हसली नाही. तिनं खोली मापली, खलबत्त्याच्या जागी एक ठिपका मांडला, दाराशी आज्ज्याच्या नाकाचा दुसरा. बटण दाबलं. कणांचा भपकारा निघाला आणि ते प्यायल्यासारखे कुठंही भटकायला लागले. थोडे नाकाशी पोचले, बाकीचे भिंतीला धडकून माघारी. तिनं दुसरा निरोप सोडला, तर त्यात पहिल्याचे रेंगाळलेले मिसळले. तिसऱ्यात दोन्हींचे.

"वाचता येत न्हाई, आज्जा. खोली बंद हाय, जुने कण जातच न्हाईत. आज्जी बोलत असली तरी कळायचं न्हाई, आन् नसली तरी."

"मग?"

"खिडकी उघडायची. जुनं सगळं जाईल. नंतर वास आला तर तो नवा."

"आन् न्हाई आला तर?"

शिवांजलीनं पडद्यावरच्या खोलीची खिडकी उघडून बटण दाबलं; कण भराभर निघून गेले.

सकाळी बसप्पांनी स्वतःच बारदान उपसलं. रानातला वारा आत शिरला. दिवे लागले, वास नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गिऱ्हाइकं गोष्टीवाचून कापूर घेऊन गेली आणि बसप्पा रिकामी हवा हुंगत उंबऱ्यावर बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी मागच्या घरातल्या सरस्वतीबाई आल्या. सांडपाण्याच्या नालीवरून त्यांचं आणि महानंदाबाईंचं बोलणं कित्येक वर्षं तुटलेलं. मातीलाही त्या आल्या नव्हत्या.

"अण्णा, दिवे लागले की माझ्या सैपाकघरात नागरमोथा दरवळतोय," त्या दारातूनच म्हणाल्या. "कालबी, परवाबी. वैनी बोलावतायत वाटलं. आले."

"जुनेच कण असतील, बाहेर पडलेले," शिवांजली म्हणाली खरी, पण तिच्या पडद्यावरची खोली खिडकी उघडल्या उघडल्याच रिकामी झाली होती.

बसप्पांनी बसायला पोतं पुढं सरकवलं.

"काय म्हणली?"

"तुमाला ठावं असंल," सरस्वतीबाई म्हणाल्या, "म्हणून तर विचारायला आले."