कालिंदीसिस्टरची साक्ष

कालिंदीसिस्टर थकल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर सांत्वनानंच थकल्या होत्या. अहो, माणूस दुःखानं मोडत नाही एवढं लोकांच्या समजूत घालण्यानं मोडतं. सगळ्या कोल्हापुरातली चर्चची मंडळी वर्षभर दारात येऊन सलाम करायची आणि तेच ते पालुपद लावायची. "देवाला सगळं आधीच ठाऊक असतंय, सिस्टर. शांतवनरावांची वेळ भरली. तुम्ही तरी काय करणार?"

काय करणार? रिक्षा बोलावणार! तेवढंच करायचं होतं, आणि बाईंनी तेवढंच केलं नाही.

दवाखान्यात चौतीस वर्षं नोकरी झालेली. त्या दिवशी रात्रपाळी करून सकाळी घरी आल्या, तर नवरा छाती चोळत बसलेला. बाईंच्या अंगात त्राण नव्हतं. नाडीसुद्धा बघितली नाही. "गॅस झालाय. सोडा प्या आणि पडा गप," असं म्हणून आतल्या खोलीत जाऊन झोपल्या. दुपारी उठल्या तेव्हा शांतवनराव खुर्चीतच गार पडलेले. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. जयसिंगपूरला मास्तर असलेला सम्राट हा एकुलता एक पोरगा, त्यालाही नाही. कळलं तर तो तोंड बघणार नाही, ही धास्ती. त्यात पोरगा वर्षभर तुटकच वागत होता. आला तरी चहा अर्धा टाकून निघायचा.

वर्ष भरलं तशी घरात स्मरणाची प्रार्थना ठेवली. मंडळी सतरंजीवर दाटीनं बसली, गीत झालं, चर्चचे पाळकसाहेब देवाच्या पूर्वज्ञानावर अर्धा तास बोलले. मग रीतीप्रमाणं घरच्यांनी साक्ष द्यायची वेळ आली. साक्ष म्हणजे उभं राहून सांगायचं, देवानं कसा आधार दिला ते. मंडळीनं 'आमेन' म्हणायचं, की चहा.

सिस्टर गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"पाळकसाहेब, राग मानू नका. वॉर्डातला कुठला पेशंट आज जाणार, मला सकाळीच कळायचं. म्हणून मी मारलं व्हय त्यास्नी? ठाऊक असणं येगळं, करणं येगळं. मी झोपणार हे देवाला ठाऊक असंल. पण झोपले मी की! त्यानं न्हाय झोपवलं." आणि त्यांनी सोड्यापासून खुर्चीपर्यंत सगळं सांगून टाकलं. "तुम्ही मला वर्षभर चुकूच दिलं न्हाईसा. चूकच न्हाय म्हटल्यावर क्षमा तरी कशाची मागू मी?"

आमेन कुणी म्हटलं नाही. शेजारच्या बयाबाईंनी तोंडाला पदर लावला. सिस्टर मात्र फक्त सम्राटकडं बघत होत्या.

तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. "आई, तू झोपलीवतीस तवा बाबांचा फोन आलता मला. छातीत दुखतंय, आई गॅस म्हणती, पण गाडी घेऊन येतोस का म्हणाले. मी म्हटलं, आई गॅस म्हणती म्हंजे गॅसच. माझा वर्गावर तास होता."

पाळकसाहेब लगबगीनं पुढं झाले. "सम्राट, लेकरा, देवाला आधीच..."

"थांबा वो जरा!" सिस्टर कडाडल्या. माणसांमधनं वाट काढत त्या पोरापाशी गेल्या आणि त्याचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं.

"चुकलास," त्या म्हणाल्या. "मीबी चुकले. ये, गुडघ्यावर बस माझ्याजवळ. दोघं मिळून मागू."