दहाव्याचा भात

“सर, फक्त मूठभर भात. रेलिंगवर ठेवतो आणि बाजूला होतो.”

नितीन स्टीलची वाटी घेऊन डेकवर उभा होता आणि मी त्याच्या आणि रेलिंगच्या मध्ये. आमचं क्रूझ जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत हळूहळू चाललं होतं. नितीन ठाकुर्लीचा, जहाजाच्या गॅलीत, म्हणजे किचनमध्ये, कुक. मी घोडबंदर रोडचा, जहाजाचा एन्व्हायर्न्मेंटल ऑफिसर. जहाजातून समुद्रात काय जाता कामा नये, ते बघणं हे माझं काम.

ध्रुवाकडच्या पाण्यात नियम कडक असतात. हेवी फ्युएल, म्हणजे जाड, काळं इंधन, टाकीत नुसतं असलेलंही चालत नाही. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या आमच्यासारख्या जहाजावरून एकालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही. एवढ्या लांब आलेली माणसं डेकवरूनच बर्फ बघून परत जातात. बर्फाजवळ खरकटं समुद्रात टाकायचं नाही. पक्ष्यांना खायला तर अजिबात घालायचं नाही, कारण आपल्या अन्नातून त्यांच्यात रोग शिरला तर वसाहतीच्या वसाहती साफ होतील. नितीनला हे सगळं पाठ होतं. गॅलीचं ट्रेनिंग मीच घेतलेलं.

त्याचे वडील वारले तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो. बंदर गाठून घरी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. अग्नी धाकट्या भावाने दिला. आज दहावा दिवस. खाडीकाठी पिंड ठेवून घरचे सकाळपासून बसले होते आणि कावळा शिवत नव्हता. तिकडे दुपार टळत आलेली, आमच्याकडे नुकती सकाळ. भावाने व्हिडिओ कॉल लावला होता.

“कावळे आहेत रे दादा, पण खाली उतरतच नाहीयेत. आईला सांभाळीन म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं, काकांनी पण शब्द दिला. आई म्हणते, बाबांचा जीव तुझ्यात अडकलाय.”

नितीनने वर बघितलं. आमच्या डोक्यावर स्कुआ घिरट्या घालत होते. हा तपकिरी, साधारण घारीएवढा पक्षी, माणसाला मुळीच न घाबरणारा. वाटी बघून एक तर हाताच्या अंतरावर येऊन बसला.

“सर, बघा ना, हा लगेच घेईल. आईला व्हिडिओवर दाखवतो, बस.”

“नितीन, नाही.”

“तुम्ही आपले आहात, सर. तुम्हाला काय समजावून सांगायचं?”

तेच तर अवघड होतं. दुसरा कोणी ऑफिसर असता तर ‘पॉलिसी’ म्हणून मोकळा झाला असता. त्या वाटीत काय आहे, ते मला कळत होतं. पण आज नितीनचा भात चालला, तर उद्या प्रवाशांचा ब्रेड कोणत्या तोंडाने अडवणार?

तेवढ्यात वरच्या डेकवरून स्टाफ कॅप्टन, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, वाकला. “एनी प्रॉब्लेम?”

“नो, सर,” मी म्हणालो.

“मग डेकवर फूड कसं?”

“नेतोय, सर.”

नितीनने वाटी माझ्या हातात दिली. वाद घातला असता तर बरं झालं असतं. भात मी स्वतः गॅलीत नेऊन खरकट्याच्या डब्यात टाकला. त्या डब्यातलं सगळं वाळवून जाळतात. तिकडे गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी आटोपला.

कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर मी ठाकुर्लीला नितीनच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “साहेब, तिकडे पक्षी नसतात का हो? याच्या हातचा एक घास कोणी घेतला असता, तर ह्यांचा जीव सुटला असता.”

मी तोंड उघडायच्या आत नितीन बोलला. “अगं आई, बर्फात कसले पक्षी? विचार सरांना.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नितीन जमिनीकडे.

“नसतात,” मी म्हणालो.

“मग तुमचा तरी काय इलाज,” त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी दोन चकल्या ठेवल्या.

नियम बरोबर होता. उद्याही मी तोच लावीन. फक्त नियम लावणाऱ्याने नंतर त्या घरी चहाला जाऊ नये.