मास्तरांनी न्हाणी घासली

वेणीमाधव मास्तर आरोग्यावर तासभर बोलू शकत, आणि कुणी उठून गेलं नाही तर दीड तास. दिवसा ते बाळीवेशीजवळच्या शाळेत चौथीला शिकवत आणि शनिवारी संध्याकाळी वाचनालयात 'गृहस्वच्छता' या विषयावर व्याख्यान देत. नखं कुठवर कापावीत, मोरीत पाणी तुंबलं की कोणकोणते जंतू गोळा होतात, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या मोरीत मात्र चाळीस वर्षांत त्यांनी आंघोळीखेरीज काही केलं नव्हतं. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण ते मुलांना दरवर्षी समजावून सांगत. उदाहरण शोधायला फार लांब जायला नको, हे त्यांच्या ध्यानात यायला बायकोचा हात मोडावा लागला.

तीन महिन्यांपूर्वी वच्छलाबाई न्हाणीघरात पडल्या, त्या मास्तरांच्या हौसेपायी. न्हाणीत आधी ओबडधोबड काळा दगड होता. मास्तरांना तो गावंढळ वाटे. म्हणून त्यांनी घोटीव शहाबादी फरशी बसवून घेतली. वाकून पाहिलं तर डोक्यावरची टोपी सरळ आहे की नाही ते कळावं, इतकी गुळगुळीत. "अहो, ओल्या पायानं घसरायला होईल," वच्छलाबाई म्हणाल्या होत्या. त्यावर मास्तरांनी त्यांना घर्षणाचे नियम दहा मिनिटं समजावून सांगितले. घर्षण बहुधा ते ऐकायला थांबलं नसावं.

भरली घागर घेऊन त्या पडल्या, तेव्हा आवाज शेजारपर्यंत गेला. मास्तर धावत आले आणि त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले, "फरशी फुटली का?"

हे वाक्य नंतर त्यांनी मनातल्या मनात किती वेळा म्हणून पाहिलं. हळू म्हटलं, काळजीच्या सुरात म्हटलं, पण त्यातून काही बरा अर्थ निघेना. वच्छलाबाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. हाड बसवून घेतलं, हात गळ्यात बांधला आणि दुसऱ्याच दिवशी त्या मोहोळला माहेरी गेल्या. दीड महिन्यात हाड जुळून आलं. वच्छलाबाई आल्या नाहीत.

मास्तरांनी चार कार्डं टाकली. चारही कार्डांत मोहोळच्या हवापाण्याची चौकशी होती, कारण जे लिहायचं होतं ते लिहायला हात धजत नव्हता. अखेर थोरल्या मेव्हण्याचं, एकनाथरावांचं, उत्तर आलं: 'रविवारी सकाळच्या गाडीनं वच्छीला घेऊन येतो. न्हाणी पाहील. राहायचं की माझ्याबरोबर परत यायचं, ते ती ठरवील.'

कार्ड गुरुवारी आलं. मास्तर न्हाणीत गेले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघायचं म्हणून बघितलं. कोपऱ्यांत शेवाळ, फरशीवर साबणाचा मळ, त्यावर विहिरीच्या जड पाण्यानं धरलेला पांढरा थर, आणि बंब इतका काळा की तांब्याचा आहे हे शपथेवर सांगावं लागलं असतं. आपण सांगितलेले सगळे जंतू इथंच मुक्कामाला आले असावेत, अशी त्यांची खात्री झाली.

मोलकरीण लावावी, तर ती चार घरी सांगणार: व्याख्यान देणाऱ्या मास्तरांची मोरी बघायला या. तेव्हा मास्तरांनी धोतर खोचलं, न्हाणीचं दार आतून लावून घेतलं आणि चुलीतली राख नि नारळाची शेंडी घेऊन फरशीवर उकिडवे बसले. गुरुवारी राख झाली, शुक्रवारी रिठे उकळून त्यांचं पाणी झालं. शेवाळ निघालं, साबणाचा मळ सुटला. या उद्योगात ते स्वतः एकदा सपशेल आडवे झाले. तेव्हा फरशी फुटली का, हे बघायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कंबर चोळत ते बराच वेळ तिथंच बसून राहिले आणि बायकोला केवढं लागलं असेल, याचा हिशेब त्यांना पहिल्यांदा लागला.

पांढरा थर मात्र हटेना. शेजारच्या काशम्मांची तांब्यापितळेची भांडी कुंपणाच्या भिंतीवर उन्हात पालथी घातलेली असत. ती रोज लखलखत. मास्तर भिंतीशी गेले.

"काशम्मा, तुमची भांडी इतकी चकाकतात कशानं?"

"काय घासायचंय मास्तर तुमाला?" काशम्मांनी सरळ विचारलं.

खरं बोलायची हीच वेळ होती. पण बाप्यानं मोरी घासायची, आणि ते शेजारणीला सांगायचं? "बंब," ते म्हणाले.

"मग सोपं हाय की. चिंच भिजवा, मीठ घाला, चोळून ठिवा जरा आन् घासा. लई चकाकतंय."

शनिवारी दुपारी शाळेतून आल्या आल्या मास्तरांनी शेरभर चिंच कोळली. आधी बंबाला लावली. खरोखरच, घटकाभरात बंब नव्या नवरीसारखा उजळला. मास्तरांनी शास्त्रीय अनुमान काढलं: जे तांब्याला लागू, ते दगडाला लागू. उरलेला सगळा कोळ त्यांनी फरशीभर थापला आणि काशम्मा 'जरा' म्हणाल्या होत्या, म्हणून जरा थांबायचं ठरवलं. तेवढ्यात व्याख्यानाची वेळ झाली. श्रोते अकरा होते, त्यांतले दोघे वर्तमानपत्र मोकळं व्हायची वाट बघत होते. मास्तर त्या दिवशी चिंचेच्या गुणांवर विशेष रंगून बोलले. दीड तास झाला तरी कुणी उठलं नाही, हे त्यांचं दुर्दैव.

दिवेलागणीला घरी येऊन त्यांनी फरशीवर दोन बादल्या पाणी ओतलं. पांढरा थर गेला होता. त्याच्याबरोबर झिलईही गेली होती. फरशी राखेसारखी फिकट पडली होती आणि हात फिरवावा तिथं खरखरीत लागत होती. मास्तरांनी "अरे देवा" इतक्या मोठ्यानं म्हटलं, की काशम्मा कंदील घेऊन मागच्या दारानं आल्या.

"अय्यो शिवा! शहाबादीला चिंच लावलाव? आंबट खातंय की त्या दगडाला! आमच्यात लिंबू सांडलं तरी पळत जाऊन पुसत्यात. बंब म्हणला होता की तुमी!"

"म्हटलं होतं खरं."

"मोरी घासायची म्हणून सांगितलं असतं तर काय मिशी गळून पडत होती काय?" काशम्मा म्हणाल्या आणि कंदील घेऊन गेल्या.

मास्तर पालथ्या बादलीवर बसले. एवढ्या हौसेची फरशी गेली, पण तिचं दुःख काही होईना, याचं त्यांना नवल वाटलं. भीती एकच होती: उद्या वच्छला हे बघेल, काही बोलणार नाही, आणि परत जाईल. तीन महिने हाताने शिजवलेला कच्चा भात त्यांनी खाल्ला होता. पण भाताचं काही नव्हतं. घरात ती नव्हती.

रविवारी टांगा दारात थांबला. वच्छलाबाई उतरल्या, बारीक दिसत होत्या. ट्रंक टांग्यातच राहिली. त्या सरळ न्हाणीत गेल्या, त्यांच्या मागे एकनाथराव आणि शेवटी मास्तर. वच्छलाबाईंनी तांब्याभर पाणी फरशीवर सोडलं, भिंतीला हात धरून एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग भिंतीवरचा हात काढला.

"पाय धरतोय," त्या म्हणाल्या.

"वा, वेणीमाधवराव!" एकनाथराव म्हणाले. "मुद्दाम पाथरवटाकडून टाकी लावून खरखरीत करून घेतलीत वाटतं?"

आयतंच ताट वाढून आलं होतं. 'घर्षण वाढावे या हेतूने' हे शब्द मास्तरांच्या ओठांवर येऊन उभे राहिले. मास्तरांनी ते गिळले.

"नाही. माझ्या अकलेनं झालं. चिंच थापली आणि व्याख्यानाला निघून गेलो. फरशी खाऊन टाकली चिंचेनं."

एकनाथराव खो खो हसले. वच्छलाबाई हसल्या नाहीत.

"घासली कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात ओढून उजेडात धरले. राखेनं बोटांची सालं निघाली होती, भेगांत चिंच-मीठ शिरून त्या लाल झाल्या होत्या.

"फार झोंबतंय का हो?"

तासभर बोलणाऱ्या मास्तरांचे डोळे भरून आले, आणि मेव्हण्यासमोर आले याची त्यांना लाजही वाटली नाही.

"तुझा हात," त्यांनी कसंबसं विचारलं, "तुझा हात कसा आहे?"

वच्छलाबाईंनी आपला हात खांद्यापर्यंत उचलून दाखवला.

"वर उचलला की दुखतो," त्या म्हणाल्या. "वेणी घालता येत नाही. बादली उचलत नाही. मोरी तर मुळीच घासवणार नाही."

"मी घासीन."

"चिंच न लावता?"

"न लावता."

त्यांनी पदरानं मास्तरांचे हात पुसले आणि दाराकडे वळून म्हणाल्या, "दादा, ट्रंक आत घे. टांगा सोडून दे."