भावाला बोलावणारी

२००३ साली जर्सी सिटीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक चिनी बाई राहायच्या. आधी पत्रकार, मग प्राध्यापक. चीनमधल्या बायकांवर आणि तिथल्या स्त्रीवादावर पुस्तक लिहीत होत्या. माझी नोकरी गेली होती. बायको रोज ट्रेननं मॅनहॅटनला जायची, स्वयंपाक मी करायचो. बाईंना वाटलं, मी मोठा स्त्रीवादी आहे. मी नुसता बेकार होतो. पण गैरसमज इतका छान, की म्हटलं राहू दे.

पुस्तकासाठी त्यांनी कितीतरी बायकांना बोलतं केलं होतं. सख्खी आई मात्र बोलेना. ती लेकीकडे राहायला आली होती, आता शनिवारी परत जाणार होती. टेप सुरू केला की म्हणायची, "माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं?"

गणपतीच्या आदल्या दिवशी मी उकडीच्या मोदकांची रंगीत तालीम करत होतो. ऑफिसातून बायकोचा फोन. "पेढे आण की रे! देवाला ठाऊक आहे आपलं."

तेवढ्यात मायलेकी निरोप घ्यायला आल्या. आजींनी माझा मोदक पाहिला, तोंडावर हात ठेवून हसल्या आणि बाह्या सारून स्वतःच कळ्या पाडायला लागल्या. कशा सुरेख!

"आई विचारतेय, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आत्यानं. पण तिचा दोष नाही हो."

"आत्याचं नाव काय?"

मी अडखळतच सांगितलं. चौथी मुलगी झाली, म्हणून घरच्यांनी तिचं नाव नकोशी ठेवलं होतं. कुणालाच नको असलेली.

लेकीनं ते चिनीत सांगितलं. आजींचे हात थांबले. त्या हळूच काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?"

"तिचं लहानपणचं नाव. मला माहीतच नव्हतं. त्याचा अर्थ, धाकट्या भावाला घेऊन ये."

मग आजी बोलतच राहिल्या. हजेरीला वर्ग कसा हसायचा, मोठी झाल्यावर कचेरीत एकटीच जाऊन नाव कसं बदलून आणलं. टेप बाईंच्या फ्लॅटमध्येच राहिलेला. बाई माझ्या वाणसामानाच्या यादीमागे भराभर लिहीत होत्या. मध्येच थांबून त्यांनी आईला काहीतरी विचारलं, उत्तर ऐकून हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या.

"विचारलं, पुस्तकात घालू का? म्हणते, घाल. पण हेही लिही, की भाऊ आला, आणि त्याचे मोजे जन्मभर मीच धुतले."

आजींनी लेकीचे डोळे मनगटानं पुसले. बोटांना उकड लागली होती.