श्रावणातली न वाहणारी पैनगंगा

पत्नीच्या वर्षश्राद्धानंतर दुसऱ्याच दिवशी मी तिच्या माहेरी जायचे ठरवले. मेहकरच्या पुढे पैनगंगेकाठी तिचे गाव आहे. सासरी परतताना तिथल्या लेकी डोहातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. 'माझ्या नावाने एकदा घालून या,' असे शालिनीने रुग्णालयात सांगितले होते आणि मी होकार दिला होता.

खामगावहून मेहकरची थेट गाडी चुकली, म्हणून चिखलीमार्गे गेलो. वाचकांनी शक्यतो हे टाळावे. वेळ दुप्पट लागतो. चिखलीच्या स्थानकाबाहेर मात्र आलूबोंडा गरम मिळाला. एसटीत ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि महिलांनाही अर्धे, त्यामुळे शेवटच्या प्रवासात आम्हा दोघांचे मिळून एक पूर्ण तिकीट झाले होते. या खेपेस वाहकाने अर्धे फाडून दिले. मेहकरपासून पुढे जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही. पाणी जवळ ठेवावे.

श्रावण सरत आला होता, तरी नदीला धार नव्हती. पात्रात सुटी सुटी डबकी आणि मधोमध तो डोह, तोही गाळाने अर्धा भरलेला. मी काठावर बसलो, कणकेच्या गोळ्यांचा डबा उघडला आणि पहिली मूठ पाण्यात टाकली.

"ओ! काऊन टाकून राह्यले पीठ?"

घोट्याएवढ्या पाण्यातून एक वृद्धा पाटी घेऊन येत होती. ती कौसाबाई, तिथली मासेमारी करणारी भोईण, शालिनीची बालमैत्रीण. आमच्या लग्नानंतर मी तिला दोनदाच पाहिले होते.

"साचल्या पान्यात पीठ नासते. मंग मासे वर येऊन तोंड वासतात न् मरतात. शिकले-सवरलेले दिसता!"

उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मुरतो आणि कुजणारे अन्न उरलेलाही संपवते, हा धडा मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवला. त्या दिवशी तो मला आठवला नाही. मी डबा बंद केला.

तेवढ्यात तिने मला ओळखले. "अगं बाई, जवाईबापू! शालू काऊन नाही आली?"

"ती गेली. वर्ष झाले."

कौसाबाईने पाटी खाली ठेवली. मग ओल्या हातानेच डोळे पुसले.

नदीचे कसे झाले, ते तिनेच पुढे सांगितले. पूर्वी पाऊस दिवसांमागून दिवस झिरपत राही आणि नदी दिवाळीनंतरही वाहती असे. आता सगळा पाऊस एका रात्रीत पडतो. यंदाच्या मृगात तसाच पूर आला आणि त्याने डोहात गाळ आणून टाकला. "त्याच पुरात मासे वर चढले, अंडे घालाले. मंग पानीच तुटलं. आता ना वर जाता येत, ना खाली." अडकलेले मासे ओल्या गोणपाटाखाली झाकून ती बंधाऱ्याखालच्या खोल पाण्यात नेऊन सोडत होती. डोहातले मासे भोई कधी धरत नाहीत. हे धरणे तिलाही अवघड जात होते.

"गावच्या जवायाले काम सांगत नाहीत," ती म्हणाली, "पन शालूची पाटी आज तुम्ही उचला."

मी बूट काढले. सहा खेपा केल्या. मरळ चिवट असते, ती हवाही घेते. बाकीचे मासे वाटेतच मंद पडत होते. तिसऱ्या खेपेस मी घसरून बसलो, तेव्हा कौसाबाई हसली. "शालू म्हने, आमचे हे लय सरळ चालतात!"

शेवटच्या जीपने मेहकरला आलो, मुक्कामी एसटीने घरी.

आठवड्याने कौसाबाईला तिच्या लेकाच्या भ्रमणध्वनीवर विचारले, मी सोडलेले मासे जगले का?

"माशांवर का नाव लिहिलं होतं, जवाईबापू? मरळ जित्या आहेत. बाकीचे निम्मे तरंगले."

"पाऊस?"

"नाही."

दिलेला शब्द मी एका मुठीपुरताच पाळला. जे केले, ते पुरेसे होते असे म्हणवत नाही; आणि परतल्यावर ज्या व्यक्तीला सगळे सांगायचे, ती घरात नाही. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर माशांना काही घालू नका. पाणी वाहते आहे का, तेवढे पाहून मला कळवा.